संकटाची तजवीज : शहराची आणि वखारीची

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळींचा आग्रह झाला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य धान्याच्या पेढीवर गेलेले. तेव्हा बाजारभावावर किंवा बारदानावर चार शब्द लिहावेत असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या काही वर्षांत तारिहाळ, हुबळी व धारवाड या आपल्या टापूत जे प्रकार घडले, त्यांनी एका निराळ्याच विषयाकडे आमचे लक्ष वेधले आहे. पूर, आग, भूकंप, रोगराई ही संकटे केव्हा ना केव्हा येणारच, हे गृहीत धरून शहरे आपली तजवीज कशी करतात, आणि त्या तजविजीत आपणा व्यापाऱ्यांचा वाटा कोणता, हा तो विषय होय. आम्ही काही या शास्त्रातले पंडित नाही. तथापि जो मनुष्य चाळीस वर्षे माल साठवीत आला आहे, त्याला कोणती वस्तू कोठे ठेवावी आणि कोठे ठेवू नये, याचा थोडाफार अनुभव असतो. शहराची तजवीज म्हणजे बारकाईने पाहिले असता याच प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरील उत्तर होय.

संकट आणि हानी

आपण बोलताना संकट आणि हानी हे दोन्ही शब्द एकाच अर्थी वापरतो. खतावणीत मात्र ही दोन निरनिराळी खाती आहेत. पाऊस कोसळणे, जमीन हादरणे, ठिणगी उडणे हे संकट. ते आपल्या हाती नाही. पण कोसळलेल्या पावसाच्या वाटेत घर असणे, हादरलेल्या जमिनीवर कच्ची भिंत असणे आणि उडालेल्या ठिणगीशेजारी दारूगोळा असणे, यातून जी होते ती हानी. आणि ती बहुतांशी माणसाच्या निवडीतून होते. नगररचना करणारे लोक या दुसऱ्या खात्याचाच हिशेब मांडतात.

हा हिशेब मांडण्याची बुद्धी शहरांना संकटांनीच दिली. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती, आणि प्लेग पसरविणारी पिसू उंदरांच्या अंगावर वाढते, हे पुढे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. म्हणजे आपल्याच धंद्याच्या दारातून तो रोग शहरात शिरला, असे म्हणावयास हरकत नाही. १८९८ साली मुंबईत शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे व दादर-माटुंग्याकडे मोकळी वस्ती वसविणे ही कामे त्याने हाती घेतली. त्याच १८९८ साली आपली हुबळी प्लेगने हवालदिल झाली होती. डॉ. हाफकिन यांनी मुंबईस तयार केलेली लस त्या वेळी हुबळीत हजारो लोकांना टोचण्यात आली.

अशा घडलेल्या गोष्टी वाचीत असता आमच्या अल्पमतीला असे दिसले की, शहराच्या तजविजीचे सारे नियम चार शब्दांत बसतात : अंतर, उंची, भिंत आणि वाट. त्यांचा क्रमाने विचार करू.

अंतर

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. महायुद्धाचे दिवस होते. त्या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती, आणि वाटेत कराचीस भरलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. कापूस व स्फोटके एकाच जहाजात भरणे हे कोणाही वखारवाल्याला पटण्यासारखे नाही. पण युद्धाच्या निकडीत जागा मिळेल तेथे माल भरला गेला. दुपारी कापसाला आग लागल्याचे दिसले. पुढे सायंकाळी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे प्राणास मुकली. आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. गोदीलगतच्या वखारी पेटल्या व हजारो टन धान्य जळून गेले. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या घटनेचा बोध एका वाक्यात सांगता येतो. धोका मालात असतो, त्याहून अधिक तो मालाच्या शेजारात असतो. कापूस एकटा जळता तर नुकसान झाले असते. स्फोटकांशेजारी जळला म्हणून बंदर उद्ध्वस्त झाले. म्हणूनच शहरे आपल्या नकाशावर निवासी, व्यापारी व औद्योगिक असे विभाग आखतात, आणि ज्वालाग्राही मालाच्या कोठारापासून वस्ती किती दूर असावी हे कायद्याने ठरवून देतात. स्फोटकांचा कायदा आपल्या देशात १८८४ पासून आहे, आणि त्याची अंमलबजावणी पाहणारे मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

परंतु नकाशावरचे विभाग आखून भागत नाही, हे आम्ही आमच्या दारातच पाहिले. जुलै २०२२ मध्ये तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या जेथे तयार होत, त्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. काही कामगार होरपळून मृत्यू पावले. त्यांत स्त्रियाही होत्या. मुलांच्या आनंदासाठी फुंकर घालावयाची एवढीशी वस्तू; पण तिच्यातही दारूच असते. औद्योगिक वसाहत म्हटली की तेथे काहीही चालते, असा जो समज आपल्यात रूढ आहे, तो किती घातक आहे हे त्या दिवशी कळले. शेजारच्या गाळ्यात काय तयार होते, हे विचारण्याचा शेजाऱ्यास अधिकार आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे.

आणि शेजाऱ्यास विचारण्यापूर्वी स्वतःच्या वखारीकडे पाहावे. आपण धान्यास कीड लागू नये म्हणून ज्या विषारी गोळ्या वापरतो, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून विषारी वायू सुटतो, व तोच कीड मारतो. पण त्याच गोळ्यांच्या डब्यात पुराचे पाणी शिरले, किंवा आग विझविताना त्यावर पाणी पडले, तर तोच वायू एकदम मोठ्या प्रमाणात सुटून माणसांचे प्राण घेऊ शकतो, आणि तो पेटही घेतो. आमच्या वखारीत हा डबा वर्षानुवर्षे दिवाणजींच्या बैठकीखाली, जमिनीवर ठेवलेला असे. आता तो बाहेरच्या स्वतंत्र कोठडीत, उंचावर, कुलुपात ठेवला आहे.

उंची

पुराच्या बाबतीत सर्वांत जवळचा धडा सांगलीचा. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ साली बांधला गेला. त्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, यावर आजही सारी सांगली पावसाळा काढते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २००५ साली पाणी धोक्याच्या पातळीच्या बरेच वर गेले. लोकांनी मानले की, आता असा पूर पिढीत पुन्हा येणे नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर चढले, आणि २०२१ साली पुन्हा महापूर आला. बाजारपेठेतील तळमजल्यावरची दुकाने बुडाली. २०१९ सालच्या त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचा अंत झाला. पाणी चढण्याआधी जो निघतो तो पायी निघतो. उशिरा निघणाऱ्यास भरलेल्या बोटीत जीव टाकावा लागतो.

पुण्याचा अनुभव याहून जुना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती नदीपासून दूर उभ्या राहिल्या. झालेल्या हानीतून काढलेली ही उंचीची तजवीज होय.

महाराष्ट्रात नद्यांच्या काठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात कडक अटींवर परवानगी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ, एकदा पूर येऊन गेला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंत, असा नाही. प्रत्येक वर्षी तशा पुराची शक्यता शंभरात एक असते, एवढाच त्याचा अर्थ. काल बुडालेल्या गिऱ्हाईकाची उधारी आजही बुडू शकते, हे जसे आपण जाणतो, तसेच हे आहे.

कोणी म्हणेल, तारिहाळला कृष्णेसारखी नदी कोठे आहे? खरे आहे. आपला प्रदेश उंचवट्यावरचा. धारवाडात तर एका बाजूस पडलेले पाणी पूर्व समुद्राकडे जाते व दुसऱ्या बाजूस पडलेले पश्चिम समुद्राकडे. पण उंचावरच्या गावालाही नाले असतात, आणि तळी असतात. आमच्या वखारीमागे एक लहानसा नाला होता. वर्षातून दहा महिने तो कोरडा. ट्रक मागे वळविण्यास जागा अपुरी पडे, म्हणून आम्ही व शेजारच्या तिघा गाळेवाल्यांनी मिळून तो मुरूम टाकून भरून घेतला. कोणी हरकत घेतली नाही, आणि आम्हास आमच्या चातुर्याचा अभिमानच वाटला.

ऑगस्ट २०१९ मधील पावसाने तो अभिमान उतरविला. पाण्यास जुनी वाट सापडेना, तेव्हा त्याने आमच्या वखारीतून वाट काढली. दोन हात पाणी झाले नव्हते. गुडघ्याएवढेच झाले होते. पण हरभऱ्याच्या थप्पीचा खालचा थर भिजला. भिजलेले कडधान्य फुगते हे घरातल्या सर्वांनाच ठाऊक आहे. फुगलेल्या पोत्यांची थप्पी भिंतीस रेटते, हे मात्र आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. शिवण उसवली, थप्पी कलली, आणि एक हमाल थोडक्यात बचावला. वरची कोरडी पोतीही ओल्या मालाच्या उष्णतेने पुढे खराब झाली. मालाचा विमा होता; त्या हमालाच्या जिवाचा विमा आम्ही कोठे उतरविला होता? दिवाळीपूर्वी आम्ही चौघांनी स्वखर्चाने नाला पुन्हा मोकळा केला. ट्रक आता पुढूनच वळतात, आणि त्यात फारसे काही अडत नाही.

भिंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून आलेले लोक गाढ झोपेत असता किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. मारले ते भूकंपाने खरे, परंतु त्याहून अधिक घरांनी मारले. दगड व चिखल यांच्या जाड भिंती, आणि वर कित्येक पावसाळे चढवीत गेलेल्या मातीचे माळवद. हे घर उन्हाळ्यात थंड असते, म्हणून पूर्वजांनी ते पसंत केले. पण हादऱ्यात भिंतीचे दगड सुटतात व माथ्यावरची सारी माती खाली येते. अशी घरे आपल्या धारवाड भागातील खेड्यांतही पुष्कळ आहेत. कोयनेस ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेला भूकंप आमच्या वडीलधाऱ्यांना चांगला आठवत असे. त्यांच्या तोंडून ऐकल्यामुळे ‘दक्षिणेचा दगड हलत नाही’ या बोलण्यावर आमचा कधी विश्वास बसला नाही. २००२ सालच्या भारतीय भूकंप-नकाशात धारवाड तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात दाखविले आहे.

यासाठी उपाय फार खर्चाचा नसतो. भिंतींना जोत्याशी, खिडक्या-दारांच्या वर व छताखाली सलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरविला, कोपरे एकमेकांत बांधले, आणि माथ्यावरचे ओझे कमी केले, तर साधे घरही हादरा बरेचसे सोसते. राष्ट्रीय इमारत संहिता आपल्याकडे १९७० साली प्रथम निघाली व तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे निघत गेल्या. पण पुस्तक कपाटात असले म्हणून भिंत उभी राहत नाही. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली व १९ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी भूकंप नव्हता, पूर नव्हता, वादळही नव्हते. लंडन शहर १६६६ साली एका भटारखान्यातून लागलेल्या आगीत जळाले, तेव्हा पुढच्याच वर्षी तेथे विटा-दगडांचीच घरे बांधावीत असा कायदा झाला. कायदा करण्यास आग पुरते; तो पाळण्यास रोजची देखरेख लागते.

वाट

चौथी गोष्ट वाट. संकटाच्या वेळी माणसास बाहेर पडण्याची वाट, आणि मदतीस आत येण्याची वाट. आपल्या जुन्या बाजारपेठांतील गल्ल्या पाहा. दुकानाचा ओटा रस्त्यावर, ओट्यापुढे पोती, पोत्यांपुढे हातगाडी, आणि वर ताडपत्रीचे छत. मधून दोन माणसे कशीबशी जातात; आगीचा बंब कसा जाणार? ही गल्ली पूर्वजांनी एवढी अरुंद केली नव्हती. आपण ती रोज वीतवीत अरुंद केली.

तारिहाळची २०२२ सालची आग ऐकून त्या रात्री आम्हास झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो, आणि मागच्या दाराकडे पाहिले. दाराशी तुरीची सोळा पोती रचलेली होती. दारास आतून कुलूप. किल्ली कोठे, म्हणून विचारले, तर ती हुबळीस आमच्या घरी, कपाटात. चोरीच्या भीतीने ही व्यवस्था आम्हीच घालून दिली होती. रात्री राखणीस राहणारे दोघे हमाल त्याच वखारीत निजत होते. पुढच्या दाराकडे विजेचा फलक आहे. आग लागती तर बहुधा तेथूनच लागती. चोरापासून पोती वाचविण्यासाठी दोन माणसांना आम्ही रोज रात्री कोंडून ठेवीत होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते. त्यांनी आम्हास ‘सावकार’ म्हणून कधी उलट प्रश्न केला नाही. म्हणूनच तो आम्ही स्वतःस करावयास हवा होता.

सरकारी पातळीवर वाटेची तजवीज कशी असते, तेही थोडक्यात सांगतो. २००५ सालच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असते. जिल्ह्यासाठी आराखडा करणे व दरवर्षी तो तपासून सुधारणे, हे कायद्याने ठरविलेले काम आहे. २०२५ सालच्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण स्थापण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला आहे. हुबळी-धारवाडची महानगरपालिका १९६२ पासूनची. तेव्हा ही तरतूद आपल्याही उपयोगाची आहे. पण आराखड्याचा उपयोग सरावाने होतो. जपानात १९२३ साली १ सप्टेंबर रोजी मोठा भूकंप झाला. त्या तारखेस तेथे दरवर्षी शाळांपासून कचेऱ्यांपर्यंत सर्वजण बाहेर पडण्याचा सराव करतात.

आपण काय करावे

सभासद बंधूंच्या विचारार्थ काही सूचना नम्रपणे मांडतो.

१. थप्पी लाकडी फळ्यांवर रचावी, आणि थप्पी व भिंत यांत दोन-अडीच फुटांची मोकळी जागा सोडावी. माल, भिंत व माणूस या तिघांसही ती उपयोगी पडते.

२. वखारीमागचा नाला, चर वा गटार पावसाळ्यापूर्वी शेजाऱ्यांनी मिळून साफ करावे. कोणी बुजविला असेल तर तो मोकळा करावा.

३. कीडनाशक गोळ्या, तेल, रंग व बारदान एकत्र ठेवू नये. वखारीत कोणता धोकादायक माल आहे याची यादी दर्शनी भागी लावावी. बंब येईल तेव्हा जवानांनी प्रथम ती वाचावी.

४. मागच्या दाराची कडी आतून किल्लीशिवाय उघडेल अशी असावी, आणि दाराशी पोते ठेवू नये.

५. वर्षातून एकदा, शक्य तर १४ एप्रिल रोजी, आपल्या संघाने अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांस बोलावून हमाल, दिवाणजी व घरच्या मंडळींसह सराव करावा. ११२ हा मदतीचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

६. वास्तू बांधताना परवाना, आराखडा व अभियंत्याची सही यांत काटकसर करू नये.

यांपैकी एकही गोष्ट दोन पोत्यांच्या नफ्याहून फारशी महाग नाही. आपल्या समाजात पाणी गाळून पिण्याची आणि दिव्यावर झाकण ठेवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाचाही आपण विचार करतो. तोच विचार रोज आपल्या डोळ्यांसमोर पोते उचलणाऱ्या माणसापर्यंत पोहोचावा, एवढेच आमचे म्हणणे.

शहराची तजवीज कचेरीत कागदावर होते खरी, पण ती प्रत्यक्षात उतरते ती आपल्या ओट्यावर, आपल्या नाल्यात आणि आपल्या दारात. लेखातील शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. आणि ही स्मरणिका मिटून ठेवल्यावर आपल्या वखारीच्या मागच्या दाराची किल्ली कोठे आहे, एवढे मात्र आजच पाहावे.